खिडकी थोडी लहान कापा

निवृत्त झालेली माणसं सांगतात की आम्ही आयुष्यभर माणसं जोडली. मी कातडी जोडली. मुख्यतः मेंढीची, कधी वासराची. फाटलेली, उंदरांनी कुरतडलेली, पुरात भिजलेली, आणि एकदा तर एका उमरावाच्या वारसाने कॉफीचा मग ठेवायला वापरलेली. आधी पुण्यात कागद जोडत होते, मग इंग्लंडमध्ये अठरा वर्षं कातडी. संपादकांनी 'व्यवसायातले रोमांचक अनुभव' मागितले आहेत. आमच्या व्यवसायात रोमांच आला की खुशाल समजावं, कुठेतरी छत गळतंय.

इंग्लंडमध्ये प्रत्येक कौंटीचा आपला दप्तरखाना असतो. रेकॉर्ड ऑफिस म्हणतात त्याला. जमिनीचे व्यवहार, कोर्टाचे निकाल, चर्चमधल्या जन्ममृत्यूच्या वह्या, सगळं तिथे. मी ज्या गावात काम करत होते त्याचं नाव सांगत नाही. लेस्टरहून बसने तासाभरावर, एवढं पुरे. बस वेळेवर आली तर त्या गावात लोक ती बातमी घरी जाऊन सांगतात.

माझं काम होतं दुरुस्तीचं. बाहेरच्यांना वाटतं मी दिवसभर इतिहास वाचत बसत असेन. छे. लॅटिनचं एक अक्षर मला येत नव्हतं. दाताच्या डॉक्टरला पेशंटचे विचार कुठे ठाऊक असतात? मला चर्मपत्र कळायचं. ते कागदासारखं निमूट नसतं. त्याला एक केसांची बाजू असते आणि एक मांसाची. जनावर मरून सातशे वर्षं झाली तरी हवेत दमटपणा वाढला की ते फुगतं, हीटर लावला की आक्रसतं, आणि लक्ष दिलं नाही तर उन्हातल्या पापडासारखं वळतं. म्हणून त्याला कधी चिकटवायचं नाही, आवळायचं नाही. कोपऱ्यांना हलकेच धरून ठेवायचं आणि भोवती जाड पुठ्ठ्याची चौकट बसवायची. त्या पुठ्ठ्यात मधोमध कापलेल्या चौकोनाला आम्ही खिडकी म्हणतो. प्रेक्षकाला दिसतं ते खिडकीतून. ही खिडकी कापण्यात माझा हात कुणी धरू शकत नव्हतं. अभिमान नाही, नोंद म्हणून सांगते. बरं, अभिमानही आहे.

आई पुण्यात शेजारणींना सांगायची, विद्या तिकडे लायब्ररीत आहे. मेंढीच्या कातड्याला हात लावते हे कळलं असतं तर चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडची डाळ कुणी खाल्ली नसती. एकदा मीच तिला म्हटलं, अगं, ज्याला पाश्चात्त्य स्वातंत्र्य म्हणतात ना, ते सगळं मेंढीच्या कातड्यावरच लिहिलेलं आहे. ती म्हणाली, मग धुऊन घेत जा हात.

दप्तरखान्यात येणाऱ्यांतले निम्मे लोक पूर्वज शोधायला यायचे. प्रत्येकाला सरदार हवा असायचा. एक गृहस्थ दोन वर्षं दर बुधवारी येत होते, आपण अमुक नाइटचे वंशज आहोत हे सिद्ध करायला. अखेर सापडला तो पूर्वज दोन मेंढ्या चोरल्याबद्दल ऑस्ट्रेलियाला धाडलेला निघाला. मी त्यांची समजूत घालायला म्हटलं, बघा, निकाल लिहिलाय तोसुद्धा मेंढीवरच. ते पुन्हा आले नाहीत.

आमच्या दप्तरखान्याचं भूषण म्हणजे गावाची सनद. साताठशे वर्षांपूर्वीची. तिथल्या जहागीरदाराने गावकऱ्यांना हक्क दिले होते: दर शनिवारी बाजार भरवा, तंटे तुमच्या तुम्ही मिटवा, पुलावर जकात देऊ नका. खाली रेशमी दोरीला लटकलेली हिरव्या मेणाची मोहोर. त्या गावातल्या लोकांची मनोमन खात्री होती की लोकशाही तिथे जन्मली आणि नंतर कधीतरी तिकडे अथेन्सला पोहोचली.

दोन हजारचं दशक निम्मं सरलं असेल. त्या सुमारास सगळ्या देशाला एकाएकी आपली मूल्यं आठवली. किल्ल्या हरवल्यावर माणूस सगळे खिसे चाचपतो ना, तशी मूल्यं चाचपणं चाललं होतं. ब्रिटिश म्हणजे काय, पाश्चात्त्य म्हणजे काय, यावर टीव्हीवर रोज चर्चा. कौन्सिलने ठरवलं की आपणही मागे राहायचं नाही. गावाची दोन जोडगावं होती, म्हणजे मैत्रीचा करार केलेली परदेशी गावं, एक फ्रान्समधलं, एक जर्मनीतलं. तिथल्या पाहुण्यांना बोलवायचं आणि सनद मध्यभागी ठेवून प्रदर्शन भरवायचं. नाव ठरलं 'शेअर्ड रूट्स', म्हणजे आपली समान मुळं. मुळं सगळ्यांची समान, हे ठरवून झाल्यावर ती शोधायला एक सल्लागार बाई नेमली. तिचं नाव हॅरिएट.

हॅरिएट सत्तावीस वर्षांची, हुशार, आणि दिवसभर उत्साही. तिने आठ पॅनल केले. पहिल्यावर अथेन्स. तिथे सगळे नागरिक मिळून निर्णय घेत, असं होतं. बायका आणि गुलाम त्या 'सगळ्यां'त नव्हते, हे बारीक अक्षरात. दुसऱ्यावर रोम आणि कायदा. तिसऱ्यावर थेट आमची सनद. मधल्या हजार वर्षांत मूल्यं कुठे उतरली होती कोण जाणे. पॅनलवरचा बाण मात्र अथेन्सहून निघाला तो मधे कुठेही न थांबता आमच्या बाजारपेठेत येऊन उभा राहिला. मी म्हटलं, आमच्याकडेही गावकी होती, पंच बसायचे, महजर, म्हणजे सगळ्या गावासमोर लेखी निवाडे, व्हायचे. ती म्हणाली, "दॅट्स सो इंटरेस्टिंग." इंग्लंडमध्ये याचा अर्थ विषय संपला.

आठवं पॅनल होतं 'आज'. त्यावर वेगवेगळ्या वर्णांची माणसं हसताना हवी होती आणि गावात ती पुरेशी मिळेनात. म्हणून मला उभं केलं. अथेन्सपासून निघालेल्या बाणाचं शेवटचं स्टेशन मी. लेकीने, म्हणजे सईने, तो फोटो पाहिला. ती तिथेच जन्मली नसली तरी तिचं मराठी तिथेच जन्मलेलं. म्हणाली, "आई, तुझी फोटो मस्त आला, पण तू स्माइल करतोय ना, तो फेक आहे." व्याकरण सोडलं तर बरोबर होतं.

आता मिस्टर एडलर. ते दर मंगळवारी विनामोबदला यायचे आणि अनाथ मुलांना कामाला जुंपल्याच्या जुन्या करारांची यादी करायचे. पंचाहत्तरीचे, बुटके, कायम टाय. गावातल्या शाळेत केमिस्ट्री शिकवून निवृत्त झालेले. लॅटिन मात्र आमच्या साहेबांपेक्षा पक्कं. माझं नाव पूर्ण उच्चारणारा त्या इमारतीतला एकच माणूस. बाकीच्यांनी माझं 'विडिया', नाहीतर सरळ 'व्हिडिओ' करून टाकलं होतं. नऊ वर्षांचे असताना ते जर्मनीतून, इतर ज्यू मुलांबरोबर, आईवडिलांशिवाय आगगाडीत बसून इंग्लंडला आले. आईवडील मागून येणार होते. आले नाहीत. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, खळ कशी करतात हे विचारता विचारता.

हॅरिएटला हे कळलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाठोपाठ कल्पना. उद्घाटनाला सनदेचं भाषांतर मिस्टर एडलरच वाचतील. स्वातंत्र्य शोधत आलेला मुलगा, स्वातंत्र्याचा कागद. याहून सुंदर काय? त्यांनी हो म्हटलं. आम्हा सगळ्यांना आश्चर्य वाटलं, कारण ते शाळेच्या स्नेहसंमेलनातसुद्धा बोलत नसत.

उद्घाटनाच्या पंधरा दिवस आधी आमचे साहेब मार्टिन माझ्या टेबलाशी आले. मार्टिन अतिशय सभ्य माणूस. 'नाही' हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही आणि हुकूमही कधी सोडला नाही. त्यांचं वाक्य 'आय वंडर इफ'ने सुरू झालं की समजायचं, आज्ञा झाली. त्यांच्या हातात सनदेचा फोटो होता आणि खालच्या बाजूला पेन्सिलीने आडवी रेघ.

"आय वंडर इफ, विडिया, खिडकी थोडी लहान कापता येईल का," ते म्हणाले. "खालून. साधारण एवढी."

त्यांनी दोन बोटं दाखवली. मी विचारलं, तिथे काय आहे? म्हणाले, काही नाही, जस्ट सम पीरियड लँग्वेज. त्या काळची भाषा. मला विचारायला हवं होतं की वरची भाषा कुठल्या काळची आहे. विचारलं नाही. माझी नोकरी दरवर्षी नव्याने मंजूर व्हायची, हे एक कारण. दुसरं कारण असं की मला खरंच जाणून घ्यायचं नव्हतं. दोन बोटं कमी, एवढं डोक्यात ठेवून मी पट्टी लावली, स्काल्पेल घेतलं आणि कापलं. कड अशी आली की तीवर बोट फिरवलं तर अडकू नये.

मंगळवारी मिस्टर एडलर सराव करायला आले. हातात हॅरिएटने दिलेला भाषांतराचा कागद. चौकटीतली सनद पाहायला वाकले, बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"व्हेरी क्लीन वर्क, मिसेस केळकर," ते म्हणाले. "हे तुम्ही आधी कधीतरी केलेलं दिसतंय, हो ना?"

ते टोमणा मारणाऱ्यांतले नव्हते. माझी मात्र कानशिलं तापली. मी उत्तर दिलं नाही.

त्यांनी पुठ्ठ्याच्या खालच्या भागावर बोट ठेवलं. इथे काय आहे ठाऊक आहे का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, त्या काळची भाषा. ते म्हणाले, हो, लॅटिन. आणि मग न पाहता, मुलांना सूत्र सांगावं तसं, सावकाश म्हणून दाखवलं. आधी लॅटिन, मग इंग्रजी. या गावात आजपासून जगाच्या अंतापर्यंत कोणीही ज्यू, पुरुष असो वा स्त्री, राहणार नाही. गावकऱ्यांनी मागितलेल्या हक्कांपैकी हाही एक होता. बाजार, न्याय, जकातमाफी, आणि हे.

"मी चर्चच्या मागच्या गल्लीत चाळीस वर्षं राहतोय," ते म्हणाले. "म्हणजे जगाचा अंत मध्येच कधीतरी होऊन गेला असणार. कौन्सिलने पत्राने कळवायला हवं होतं."

मी धंद्यातलं बोलले. आमच्या सनदांत असंच लिहितात म्हटलं, 'आचंद्रार्क', चंद्रसूर्य असेतोवर. त्यांना शब्द आवडला. दोनदा म्हणून पाहिला. मग मी विचारलं की आता तुम्ही वाचणार नाही का?

"वाचणार," ते म्हणाले. "तुम्हाला वाटतं मला हे आत्ता कळलं? तीस वर्षांपूर्वी वाचलंय मी. मिसेस केळकर, हा कागद या गावात होता, आणि तरीही एका बेकरच्या बायकोने स्टेशनवर माझा हात धरून मला घरी नेलं. मला आभार मानायचेत ते त्या 'तरीही'चे. तुम्ही कागदच झाकलात तर मी आभार कशाचे मानू?"

एवढं बोलून ते आपल्या अनाथ मुलांच्या करारांकडे गेले. मला त्यांनी काही कर म्हणून सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं. माणसाला 'मला सांगितलं म्हणून केलं' असं म्हणता येतं. मी तो दिवसभर एका फाटक्या वहीची पानं पुसत बसले आणि दोन पानं उलटी लावली. संध्याकाळी मला स्वतःची लाज वाटली, अगदी साधी, शाळेत चोरी पकडल्यावर वाटते तशी.

आमच्या धंद्यातला पहिला धडा असा की लहान कापलेली खिडकी मोठी करता येते, मोठी कापलेली लहान करता येत नाही. दुसऱ्या दिवशी मी खालून दोन बोटं कापून काढली आणि मग मार्टिनकडे गेले. न्याय, सत्य, इतिहास असले शब्द घेऊन गेले असते तर त्यांनी मला चहा दिला असता आणि वाटेला लावलं असतं. मी म्हटलं, उद्घाटनाला साठ माणसं त्या छोट्या खोलीत श्वास घेणार. दमटपणा वाढणार, कातडं खालून फुगणार, पुठ्ठा आवळून बसलेला, मोहोर जिथे लटकते तिथे ताण येऊन चीर जाणार. खाली जागा मोकळी हवी. यातलं निम्मं खरं होतं. निम्मंच, कारण चांगला पुठ्ठा कधी एवढा आवळत नाही, आणि माझे पुठ्ठे चांगले असत.

 मार्टिननी चष्मा काढला, पुसला, घातला. "वी कान्ट रिस्क द डॉक्युमेंट," ते म्हणाले आणि फॉर्मवर तसं लिहून सही केली. त्यांना सगळं कळलं होतं आणि हायसं वाटलं होतं. तत्त्वासाठी त्या ऑफिसात कुणाचं बोट हललेलं मी पाहिलं नाही, आर्द्रतेसाठी मात्र इमारत रिकामी करायची तयारी असे. मी त्या देशाची ही रीत त्या दिवशी मनापासून वापरली.

हॅरिएट आली. म्हणाली, पण लोक अपसेट होतील. मी विचारलं, कोण? तिने पॅनलांची यादी उघडली आणि परत मिटली. वाईट नव्हती हो पोरगी. तिला आठ पॅनल आणि एक भावना एवढंच काम दिलं होतं. भाषांतराचं पॅनल छापून झालं होतं, ते बदलणार नव्हतं. त्यात त्या वाक्याच्या जागी तीन टिंबं होती. मी इंग्लंडात अनेक कामसू माणसं पाहिली, पण त्या तीन टिंबांएवढं ओझं कुणी उचललेलं पाहिलं नाही.

उद्घाटनाला गळ्यात साखळी घातलेले मेयर, कौन्सिलर, दोन्ही जोडगावांचे पाहुणे, सँडविचेस. मिस्टर एडलर उभे राहिले. वाचायला लागले. बाजार. न्याय. जकात. मेयरसाहेब पॅनलवर बोट ठेवून त्यांच्याबरोबर ओळ न् ओळ वाचत होते. त्यांचं बोट तीन टिंबांवर येऊन थांबलं आणि आवाज पुढे चालूच राहिला. त्याच आवाजात, त्याच वेगात. कोणीही ज्यू, पुरुष असो वा स्त्री. जगाच्या अंतापर्यंत. मग साक्षीदारांची नावं. मग त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि बेकरच्या बायकोबद्दल चार वाक्यं सांगितली, तिचं नाव, तिच्या घराचा नंबर, आणि पहिल्या रात्री तिने अंथरुणात ठेवलेली गरम पाण्याची बाटली. थँक यू म्हणून बसले.

 मार्टिन भिंतीवरचा आर्द्रतामापक बघत होते. पहिली टाळी मेयरनी वाजवली, हे त्यांच्या खात्यावर जमा असू दे. त्यांचं ते बोट तोवर टिंबांवरच होतं, त्यामुळे टाळी जरा वेडीवाकडी वाजली.

चहाच्या वेळी फ्रान्सहून आलेल्या दप्तरखान्याच्या बाई माझ्याशेजारी आल्या. हळूच म्हणाल्या, आमच्याकडेही आहे असाच एक कागद, शब्दसुद्धा जवळजवळ हेच. आम्ही तो तळघरात ठेवलाय. जर्मन गावचे गृहस्थ ऐकत होते. "आमच्याकडे दोन आहेत," ते म्हणाले. "दुसरा तितकासा जुना नाही." मग आम्ही तिघांनीही सँडविचकडे पाहिलं. प्रदर्शनाचं नाव त्या क्षणी पहिल्यांदा खरं ठरलं. समान मुळं सापडली होती, फक्त ती पॅनलवर नव्हती.

पाहुणे गेल्यावर मिस्टर एडलर माझ्या खोलीत आले. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, मी तुम्हाला एक प्रश्न विचारला होता, तुम्ही उत्तर दिलं नाहीत. कोणता प्रश्न ते मी विचारलं नाही. सांगून टाकलं.

पुण्यातल्या ज्या जुन्या संस्थेत मी होते तिथे एकदा असंच प्रदर्शन झालं, आपल्या न्यायपरंपरेचं. आम्हालाही परंपरेची हौस कमी नाही. मध्यभागी एक मोडी निवाडपत्र होतं, एका गावच्या बारवेबद्दल. कोणत्या वाड्याने कोणत्या बाजूने पाणी भरायचं, भांडण कसं मिटवायचं, फार शहाणपणाने लिहिलेलं. खाली तीन ओळी अशा की महारवाड्यातल्यांनी उन्हाळ्यात बारवेचं पाणी मागितलं आहे, ते पायऱ्यांवर पाऊल ठेवणार नाहीत, कुणी वरून ओतलं तर घेतील. हे आचंद्रार्क चालावं. संचालक म्हणाले, केळकर, मंत्री यायचेत, कशाला उगाच, खिडकी थोडी लहान कापा. तेच शब्द. मराठीत 'आय वंडर इफ' नसतं एवढाच फरक. मी कापली.

पुठ्ठा दुसऱ्या बाजूने धरायला गायकवाड होते. आमचे बाइंडर, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, मोडी माझ्याहून चांगली वाचायचे. ते त्याच समाजाचे. हे सगळ्यांना माहीत होतं. आमच्या ऑफिसात कुणी जात पाळत नसे, म्हणजे कुणी तिचं नाव काढत नसे. त्यांनी तो कागद वाचला, पट्टी माझ्या हातात दिली आणि मी कापेपर्यंत पुठ्ठा घट्ट धरून ठेवला. काही बोलले नाहीत. मी समजले, त्यांची हरकत नाही. ते समजणं किती सोयीचं होतं हे मला कळायला हजारो मैल आणि एक मंगळवार लागला.

मिस्टर एडलरनी सगळं ऐकून घेतलं. माफ केल्यासारखं काही बोलले नाहीत. ते त्यांचं कामही नव्हतं. एवढंच विचारलं, "मिस्टर गायकवाड आहेत ना अजून? आणि फोन असतो ना तुमच्याकडे?"

पुढच्या रविवारी सकाळी लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरच्या दुकानातून आणलेलं भारतात फोन करायचं कॉलिंग कार्ड खरवडलं आणि जुन्या डायरीतला नंबर लावला. गायकवाडांनीच उचलला. नाव सांगितलं तर लगेच म्हणाले, बोला बाई, तिकडे थंडी कितपत आहे? मी थंडीबद्दल जरुरीपेक्षा जास्त बोलले. सांध्यांबद्दल बोललो, त्यांच्या नातीच्या इंजिनिअरिंगबद्दल बोललो. मग मी त्यांना मिस्टर एडलरची गोष्ट सांगितली, सगळी, टिंबांसकट. ते मधे मधे हं, हं करत होते.

मग मी म्हटलं, गायकवाड, त्या निवाडपत्राच्या तीन ओळी मी झाकल्या होत्या. तुम्ही समोर होतात. मी तुम्हाला विचारलंसुद्धा नाही. त्या तीन ओळींबद्दल मला तुमची माफी मागायची आहे.

कार्डावरची मिनिटं संपत आली असतील म्हणून मी घड्याळ बघितलं. 

"तीन नाही, बाई," गायकवाड म्हणाले. "चार होत्या."

मी म्हटलं, चार?

"चौथीत पाणी मागणाऱ्यांची नावं होती. अर्ज घेऊन गेलेल्यांची. तुम्ही तिथवर वाचलं नसेल." आवाजात राग नव्हता. कामातली चूक दाखवताना ते असेच बोलायचे. "मी घरी जाऊन लिहून ठेवली होती. आता पाठच आहेत. सांगू?"

मी कागद ओढला आणि पेन शोधलं. सोननाक. येसनाक. रायनाक आणि त्याचा भाऊ धोंडनाक. आणि एक बाई, भागी. ते एकेक नाव सांगत होते आणि मी लिहीत होते. झाल्यावर म्हणाले, वाचून दाखवा. मी वाचून दाखवलं. धोंडनाक मी चुकीचं लिहिलं होतं. त्यांनी ते परत, सावकाश, अक्षर अक्षर करून सांगितलं.